तिरोडीहून इंदूर किती दूर?

गोंदियानजीकच्या बिरसी येथील धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, सन १९४० मध्ये तयार झाली. तेथून नियमित प्रवासी विमान उडावयास मात्र १३ मार्च २०२२ हा दिवस उजाडावा लागला. इंदूर–गोंदिया–हैदराबाद असा तो मार्ग होता. ती वार्ता ऐकून आम्हां तिरोडीकर व्यापाऱ्यांना, इंदूरची मंडी आता अंगणात आली, असे वाटले.

बिरसी ते इंदूर हे आकाशमार्गाचे अंतर सुमारे ४८० किलोमीटर, म्हणजे २६० सागरी मैल होय. या मार्गांवरील पंख्यांची विमाने ताशी सुमारे ५०० किलोमीटर वेगाने जातात. त्रैराशिक मांडल्यास उत्तर एक तासाच्या आत येते. परंतु धावपट्टीपर्यंत चालणे, वर चढणे व खाली उतरणे यांत वेग कमी असतो. म्हणून वेळापत्रकात सव्वा तास धरावा लागतो.

आमच्या धंद्यात पोते काट्यावर चढले म्हणजे बारदान वजा केल्यावाचून निव्वळ माल कळत नाही. विमानप्रवासात याच्या उलट आहे. निव्वळ वेळेत बारदान मिळवावे लागते. तिरोडी ते बिरसी सरळ रेषेत साठेक किलोमीटर भरेल, पण मध्ये वैनगंगा आहे आणि रस्ता वळणाचा. त्यास अडीच तास, तपासणीसाठी आधी दीड तास, उतरल्यावर शहरात पोहोचण्यास एक तास. एकूण बेरीज सहा तासांहून थोडी अधिक. तरीही रात्रभराच्या आगगाडीपेक्षा हा सौदा फायद्याचाच.

मात्र सौद्यास माल हजर पाहिजे. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात इंदूरहून आमच्या वडील भगिनींची प्रकृती चिंताजनक असल्याचा फोन आला. चौकशी केली तो त्या दिवशी विमान नव्हते. नागपुरास मोटारीने व पुढे आगगाडीने जाऊन दुसऱ्या दिवशी दुपारी पोहोचलो. त्यांनी डोळे उघडून विचारले, "विमानाने आलास का रे?" आम्ही 'होय' म्हणालो. आयुष्यात खोटे माप घातले नाही. ते एक खोटे मात्र बोललो. दोन दिवसांनी त्या गेल्या.

ती विमानसेवा काही महिन्यांतच थांबली. कारण समजण्यास व्यापाऱ्यास कठीण नाही. 'उडान' योजनेत काही आसनांचे भाडे मर्यादित असते. आरंभी ते तासाभराच्या प्रवासास २,५०० रुपये ठरले होते. कंपनीची तूट शासन भरून देते, पण त्याची मुदत तीन वर्षांची. पुढे आसने भरली तरच विमान टिकते. १ डिसेंबर २०२३ रोजी गोंदियाहून हैदराबादची सेवा दुसऱ्या कंपनीने सुरू केली, ती याच हिशेबावर.

यास्तव सभासद बंधूंना आमची विनंती आहे. विमान नाही म्हणून गाऱ्हाणे करणारे आपण, विमान असताना त्यात किती वेळा बसलो, याची नोंद आपापल्या वहीत तपासावी. आमच्या वहीत ते पान कोरेच आहे.