दोनशेचं पेट्रोल

परभणीतल्या माझ्या घरापासून शाळा 24 किलोमीटर. जाऊन-येऊन रोजचे 48. गेली अकरा वर्षं मी हा रस्ता स्कूटरवर करते आहे आणि त्यातली पहिली सात-आठ वर्षं पंपावर माझ्या तोंडी एकच वाक्य असायचं, "दोनशेचं टाका."

या वाक्याने मला फार फसवलं. 2016 च्या सुरुवातीला दोनशेत तीन लिटरच्या आसपास पेट्रोल यायचं. 107 चा भाव धरला तर दोन लिटरही येत नाही. पण नोट तीच असते, म्हणून भाववाढ डोळ्यांवर येत नाही. पंपावरच्या खेपा तेवढ्या वाढत जातात आणि महिन्याच्या वीस तारखेला पर्स रिकामी का झाली, ते कळत नाही.

आमच्या परभणीला या बाबतीत राज्यात एक नकोसा मान आहे. राज्यातल्या सर्वांत महाग पेट्रोलची बातमी आली की गावाचं नाव बहुधा आमचंच असतं. मुंबईत 29 मे 2021 रोजी पेट्रोलने शंभरी ओलांडली, आम्ही त्याआधीच ओलांडली होती. 2022 च्या एप्रिलमध्ये मुंबईचा भाव 120 रुपये 51 पैसे झाला, तेव्हा आम्ही त्याच्याही वर होतो. कारण साधं आहे. आमच्याकडचं पेट्रोल मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोतून टँकरने येतं आणि हे अंतर सुमारे तीनशे किलोमीटर आहे. टँकरचं भाडं भावात धरलं जातं. त्यावर राज्याचा व्हॅट टक्क्यांनी लागतो, म्हणजे केंद्राचं उत्पादन शुल्क आणि हे भाडं धरून जी किंमत होते तिच्यावर. करावर कर, आणि लांबच्या गावाला जास्त कर. पेट्रोल जीएसटीत आलेलं नाही, त्यामुळे ही रचना 2017 नंतरही तशीच राहिली. मला ती अन्यायाची वाटते. भाव 16 जून 2017 पासून रोज सकाळी सहाला ठरण्याची पद्धत आहे आणि देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलातलं 85 टक्क्यांहून जास्त बाहेरून येतं. यातलं काहीच माझ्या हातात नाही. स्कूटर मात्र माझ्या हातात होती.

2022 च्या उन्हाळ्यात मी एक दोनशेपानी वही केली. दर वेळी टाकी पूर्ण भरायची, पाइपचा खटका आपोआप पडला की थांबायचं आणि मीटरवरचे किलोमीटर लिहायचे. पुढच्या वेळी पुन्हा पूर्ण भरायची. जितके लिटर बसले, त्याने मधल्या किलोमीटरना भागायचं. चौथीच्या मुलांना येईल असा भागाकार. चार वेळा भरून सरासरी काढली तर उत्तर आलं 39. गाडी नवी असताना ती 48 च्या आसपास चालायची.

माझा पहिला संशय पंपावर गेला. आपल्याकडे तो सगळ्यांचाच जातो. मी तिथे 5 लिटरचं माप मागितलं. वैधमापनशास्त्र विभागाचा शिक्का असलेलं हे माप प्रत्येक पंपावर असावं लागतं आणि ग्राहकाने मागितलं तर त्यात तेल मोजून दाखवावं लागतं. 5 लिटरला 25 मिलिलिटर इतकाच फरक चालतो. पंपावरचा पोरगा थोडा कुरकुरला, पण त्याने माप आणलं, शून्य दाखवलं आणि भरलं. तेल मानेवरच्या रेघेला बरोबर टेकलं. माप चोख निघालं. मनात होतं ते मी त्याला बोलून दाखवलं नव्हतं, हे बरंच झालं.

मग गेले आमच्या कोपऱ्यावरच्या गॅरेजच्या चाचांकडे. त्यांनी किल्लीसुद्धा मागितली नाही. गाडी मधल्या स्टँडवर घेतली आणि मागचं चाक हाताने गरकन फिरवलं. चाक अर्धा वळसा घेऊन थांबलं. पुन्हा फिरवलं, पुन्हा थांबलं. "बाई, तुम्ही ब्रेक लावूनच गाडी चालवायले," चाचा म्हणाले. ब्रेकची तार इतकी ताणलेली होती की आतले लायनर ड्रमला घासत होते. रोज 48 किलोमीटर मी तेल जाळून माझाच ब्रेक घासत होते. मग त्यांनी हवा पाहिली. मागच्या चाकात 29 हवी, तिथे 17 होती. एअर फिल्टर काढून माझ्यासमोर जमिनीवर आपटला तर काळ्या मातीची वीतभर रांगोळी पडली. आमच्याकडे उन्हाळ्यात शेतरस्त्याने जाणाऱ्या प्रत्येक गाडीच्या पोटात हेच असतं. फिल्टर बदलला, तार सैल केली, हवा भरली. चाचांनी पुन्हा चाक फिरवलं. ते फिरतच राहिलं, आम्ही दोघं बघत उभे होतो.

राहिलेली दुरुस्ती माझ्या उजव्या मनगटाची होती. शाळा गाठायची म्हणून मी साठ-पासष्टने जायची. वेग दीडपट केला की हवेचा विरोध सव्वादोनपट होतो, हे विज्ञानाच्या पुस्तकात होतं, पण ॲक्सिलरेटर पिळताना आठवलं नाही. पेट्रोलियम संवर्धनाचं काम करणारी पीसीआरए ही संस्था गाड्यांना ताशी 45 ते 55 चा वेग सुचवते. मी दहा मिनिटं लवकर निघू लागले आणि पंचेचाळीसवर आले. रेल्वे फाटक पडलं की इंजिन बंद.

वही पुन्हा 48 दाखवू लागली. रोजचा एक लिटर. महिन्याचे 24 दिवस धरले तर 29.5 लिटरचे 24 झाले. 107 च्या भावाने ही बचत सुमारे 590 रुपयांची होते.

या काळात ऐकीव गोष्टीही खूप तपासून पाहिल्या. पहाटे भरलं की थंड पेट्रोल जास्त बसतं म्हणतात. पेट्रोल एका अंशाला हजारात सुमारे एक भाग फुगतं हे खरं, पण पंपाची टाकी जमिनीखाली असते आणि तिथे सकाळ-दुपारचा फरक जेमतेम पडतो. शंभरऐवजी एकशे दहाचं मागितलं की चोरी होत नाही, हाही असाच समज. आकडा कुठलाही सांगा, सुरुवातीचं शून्य स्वतः बघा. इथेनॉलचं मात्र खरं आहे. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं आणि लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एकतृतीयांशाने कमी असते. माझ्या माहेरचा ऊस कारखान्याला जातो, त्यामुळे इथेनॉलला पैसा मिळाला तर मला आनंदच आहे. पण गाडीच्या सरासरीत थोडी घट धरूनच चालावं लागतं, आणि हे गिऱ्हाइकाला पंपावर स्पष्ट सांगायला हवं.

आणखी एक बचत माणसांमुळे झाली. आमच्याच रस्त्यावरच्या शाळांतले आम्ही चौघं पावसाळ्यात एका सरांच्या कारने जातो. कार 18 ची सरासरी देते. 48 किलोमीटरला 2.67 लिटर, म्हणजे 285 रुपये. माणशी 71. एकटीने स्कूटरवर गेले तर 107. चौघांची कार एकटीच्या स्कूटरहून स्वस्त पडते, यावर हिशेब दोनदा करेपर्यंत माझा विश्वास बसला नव्हता. सुरुवातीला टायर कोणाचे, सर्व्हिसिंग कोणाचं, यावरून थोडं अवघडलं. मग माणशी 90 ठरवले. वरचे 75 रुपये रोज गाडीच्या खर्चाला राहतात. पैसे शनिवारी द्यायचे आणि विषय संपवायचा.

एसटीत 17 मार्च 2023 पासून आम्हा बायकांना अर्धं तिकीट आहे. ते या सगळ्याहून स्वस्त. पण माझ्या शाळेच्या गावाची गाडी शाळा भरल्यावर पोचते. सवलत दिली तशी वेळही द्या, एवढंच आमचं मागणं आहे. गावातल्या मुलीही परतीच्या त्याच गाडीने शहरातल्या कॉलेजला जातील.

तुमची दुचाकी कुठलीही असो, आज संध्याकाळी ती मधल्या स्टँडवर घ्या आणि मागचं चाक हाताने फिरवून बघा. उद्या पंपावर "दोनशेचं" म्हणू नका. एकदा टाकी पूर्ण भरा आणि मीटरवरचा आकडा लिहून ठेवा.