जागलीला जाताय? आधी अंथरूण पाहा, मग बॅटरी



पोळा झाला, सोयाबीनच्या शेंगा भरल्या, मक्याला कणसं लागली. आता रानडुकरं आणि रोही आपल्याच वावरात मुक्कामी. आजपासून थेट हरभरा निघेपर्यंत आपल्या बऱ्याच सभासदांच्या रात्री जागलीत जातील. पिकाची राखण कशी करायची ते तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त कळतं. म्हणून आजचा सल्ला राखणदारासाठी आहे. संदेश मोठा आहे, पण पूर्ण वाचा आणि घरी वाचून दाखवा.

पहिली गोष्ट, जमिनीवर झोपू नका. ताडपत्री टाकून, त्यावर गोधडी टाकून झोपणारे अजून खूप आहेत. मचाण असेल तर उत्तमच, नाहीतर खाट न्या. खाट झाडाला, भिंतीला, कुटाराच्या ढिगाला टेकवू नका. गोधडीचं टोक खाली लोंबू देऊ नका, कारण चढणाऱ्याला तेवढी शिडी पुरते. चार कोपऱ्यांना काड्या बांधून मच्छरदाणी लावा आणि तिची कड अंथरुणाखाली नीट खोचा. हे काम अंधार पडायच्या आत करा. मच्छरदाणी नुसती लोंबत ठेवली तर डासाला आत यायला रस्ता आणि बाहेर जायला बंदी, असं होतं. खोचलेल्या मच्छरदाणीचा आणखी एक फायदा म्हणजे मण्यार. हा साप रात्री झोपलेल्या माणसालाच चावतो आणि चावलेलं पुष्कळदा कळतही नाही. एवढ्या स्वस्तात एवढ्या गोष्टी अडवणारं दुसरं काही मला माहीत नाही.

दिवा खाटेजवळ टांगू नका. पांढऱ्या बल्बवर सगळ्या रानातले किडे येतात. त्यात एक बारीक, नारिंगी-काळ्या पट्ट्यांचा, मुंगीसारखा दिसणारा किडा असतो. तो चावत नाही, पण अंगावर चिरडला की त्याच्या रसाने दुसऱ्या दिवशी कातडी भाजल्यासारखी होते. तो फुंकर मारून उडवा आणि ती जागा साबणाने धुवा. बल्ब लावायचाच असेल तर वीस-पंचवीस पावलं दूर लावा.

आता विंचू. सोयाबीन सोंगून सुडी लावली, वरून ताडपत्री टाकली, की खाली गारवा धरतो, किडे जमतात आणि किड्यांमागे विंचू येतो. ताडपत्री ओढताना, सुडी उकलताना, धुऱ्यावरचा दगड उचलताना, सकाळी बूट घालताना काळजी घ्या. ताडपत्री आधी काठीने उलटवा, बूट उपडा करून झटका. नोटा तपासायची जांभळ्या उजेडाची बॅटरी मिळते, ती अंधारात विंचवावर मारली की विंचू हिरवट-निळा चमकतो. खाटेखाली आणि सुडीभोवती एक फेरी मारली तर दोन मिनिटांत कळतं. हा चमत्कार नाही, विंचवाच्या कवचातच तसा गुण आहे.

काळा, मोठा, जाड नांग्यांचा विंचू पाहून माणूस घाबरतो. त्याच्या डंखाची कळ जबर, पण जिवाला धोका कमी. खरा घातकी तो लहान, लालसर, बारीक नांग्यांचा आणि जाड शेपटीचा. त्याचं विष हृदयावर जातं. दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणं, छातीत धडधड, लहान लेकराच्या तोंडाला लाळ, ही त्याची लक्षणं. पुरुषांना लघवीच्या जागी ताठरपणा येतो. लाजून ते लपवू नका, डॉक्टरांना त्यावरून विष भिनल्याचं कळतं. आणि एक फसवी गोष्ट लक्षात ठेवा. अशा रुग्णाला डंखाची जागा कधी कधी फारशी दुखत नाही. मग घरचे म्हणतात, "काही नाही होत बाप्पा, सकाळी पाहू." सकाळपर्यंत फुप्फुसात पाणी भरू शकतं.

यावर औषध आहे, आणि ते आपल्या महाराष्ट्रातल्या डॉक्टरांनी जगाला दाखवलं. डॉ. हिम्मतराव बावस्कर मूळचे जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे, शेतकऱ्याच्या घरातले. कोकणात महाडला राहून 1980 च्या दशकात त्यांनी प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी विंचूदंशावर वापरली. त्याआधी गंभीर रुग्णांत शंभरातले तीसच्या आसपास दगावत, ते प्रमाण चारच्या आत आलं. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण ही गोळी घरी आणून ठेवू नका. पहिल्याच गोळीने रक्तदाब एकदम उतरू शकतो, म्हणून ती दवाखान्यात झोपवून देतात. विंचू चावला की चिरा देऊ नका, करकचून बांधू नका, उतारा करत बसू नका. आधी 108 ला फोन लावा, नाहीतर मोटारसायकलवर मधे बसवून जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात न्या. तिथून गरज पडली तर ते अमरावतीला इर्विनला किंवा अकोल्याला सर्वोपचारला पाठवतील. मंत्रावर ज्यांचा विश्वास आहे त्यांच्याशी आमचं भांडण नाही. दवाखान्यातून आल्यावर मंत्र म्हणा.

आग्या मोहोळाबद्दल थोडक्यात. ज्या झाडाला मोहोळ आहे त्याखाली मुक्काम नको, शेकोटी तर नकोच. धुराने माशा उठतात. चांदण्या रात्री या माशा उडतात आणि उजेडाकडेही येतात, म्हणून तिथे बल्ब टांगू नका. माशा उठल्या तर हात झाडत उभं राहू नका. शेल्याने तोंड-डोकं झाका आणि बंद खोलीपर्यंत किंवा गाडीपर्यंत पळत सुटा. विहिरीत उडी मारू नका. कातडीत राहिलेला काटा नखाने लगेच खरवडून काढा. ओठ-डोळे सुजले, घसा आवळला, श्वास लागला, किंवा डंख पंधरा-वीसच्या वर असले तर थेट दवाखाना. घोणस अळीचं मात्र 2022 मध्ये मोबाईलवर नको तेवढं भूत झालं होतं. तिचे केस टोचले की आग होते, जीव जात नाही. चिकटपट्टी लावून केस उपटा आणि बर्फ लावा. त्रास वाढला तरच डॉक्टर गाठा.

आता जे चावल्याचं कळतच नाही ते. मिरचीवरचा कोळी तुम्ही ओळखता. त्याच जातकुळीतला, डोळ्याला न दिसणारा एक किडा गवतात, झुडपात, धुऱ्यावरच्या तणकटात असतो. त्याची पिल्लं माणसाला चावतात. खाज नाही, दुखणं नाही. आठ-दहा दिवसांनी, कधी त्याहून उशिरा, थंडी वाजून ताप भरतो, डोकं फुटायला होतं. हा स्क्रब टायफस. 2018 च्या ऑगस्ट-सप्टेंबरात नागपूर भागात याचे बरेच रुग्ण निघाले आणि काही जण दगावले. गोचिडाचाही असाच एक ताप असतो, त्यात तळहात-तळपायावर पुरळ उठते. अकोल्याच्या बालरोगतज्ज्ञांनी अशा लेकरांचा अभ्यास करून, निदान लवकर व्हावं म्हणून 2011 मध्ये लक्षणांना गुण देण्याची पद्धत मांडली होती. म्हणजे हे दुखणं आपल्या दाराशीच आहे.

दोन्हींवर डॉक्सिसायक्लिन हे स्वस्त औषध चालतं, पण वेळेवर सुरू झालं तरच. अडचण अशी की सुरुवातीला सगळं व्हायरल, नाहीतर डेंग्यू वाटतं. म्हणून ताप आला की डॉक्टरांना स्वतःहून सांगा, "मी जागलीला जातो, गवतात बसतो." आणि काख, जांघ, कंबर, गुडघ्यामागे, बायकांनी छातीखाली, काळी खपली आहे का ते पाहा. विडीचा चटका बसल्यासारखी दिसते, दुखत नाही. ती दिसली तर डॉक्टरांना दाखवा.

टाळायचं कसं? गवतावर उघडं बसू नका. फुलपँटचे पाय मोज्यात खोचा, घोट्याला आणि कमरेला ओडोमाससारखं मलम लावा. घरी आल्यावर साबणाने घासून आंघोळ करा, कपडे खुंटीला न टांगता धुवायला टाका. मचाणाभोवती दहा फूट तण काढून मोकळं ठेवा. ढोरांना गोचीड असेल तर त्यांच्या दावणीशेजारी झोपू नका.

एक गोष्ट जरा कडक सांगतो. खाटेभोवती फोरेट टाकू नका. डुकरं वासाने पळतात, साप येत नाही, म्हणून अजून लोक टाकतात. 2020 च्या अखेरीपासून त्याच्या वापरावर बंदी आहे, आणि रात्रभर तो वास ओढणारे तुम्हीच असता. गोधडीवर फवारणीचं औषध मारणं, गोचिडाचं औषध स्वतःच्या अंगाला लावणं, हेही तसंच. 2017 मध्ये शेजारच्या यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने विसाहून जास्त माणसं गेली, ती उघड्या हवेत काम करणारी होती. इथे तर तुम्ही त्या विषात झोपता.

शेवटी सोंगणीचे मजूर. मेळघाटातून येणारी कुटुंबं लेकराबाळांसह आपल्याच वावरात राहतात, बहुतेक सुडीच्या आडोशाला, जमिनीवर. विंचवाचं विष लहान अंगाला जास्त भारी पडतं. वाळूमाशीने पसरणारा चांदीपुरा ताप, जो 1965 मध्ये नागपूरकडे पहिल्यांदा सापडला, तोही लेकरांनाच गाठतो. ही माशी साध्या मच्छरदाणीच्या भोकातून आत शिरते, म्हणून जाळी बारीक विणीची घ्या. मजुरीचा भाव ठरवताना दोन खाटा, दोन मच्छरदाण्या आणि झोपायला कोरडी उंच जागा हेही ठरवून टाका. जवळच्या आरोग्य केंद्राचा रस्ता त्यांना पहिल्याच दिवशी दाखवा, रात्री त्यांना तो सापडत नाही.

बारीक विणीच्या मच्छरदाण्या कंपनीमार्फत एकत्र मागवत आहोत. ज्यांना हव्या आहेत त्यांनी शनिवारपर्यंत याच नंबरवर गाव, नाव आणि किती नग ते लिहून पाठवा. मजुरांसाठीचे नग वेगळे लिहा.