भंगारातील मोटार-रेडिओ बसविताना तारांचे रंग कसे ओळखावेत?

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीला पूर आला आणि चिपळूण शहर पाण्याखाली गेले. वीज गेली, मोबाईलही अनेकांचे मुके झाले. अशा वेळी बॅटरीवर चालणारा रेडिओ किती उपयोगी, हे वेगळे सांगायला नको. एरवीही हळवे भात कापणीला आले असताना पावसाचा अंदाज बांधावर ऐकायला मिळाला, तर कापलेले पीक भिजण्यापासून वाचते. मोडीत निघालेल्या मोटारींचे रेडिओ स्वस्तात मिळतात. म्हणून अनेक जण ते ट्रॅक्टरवर किंवा शेतावरच्या खोपीत बसवितात.

मी कृषिविद्येचा माणूस, वायरमन नव्हे. पण एकदा घरच्या ट्रॅक्टरवर हा उद्योग केला. रेडिओची लाल तार ट्रॅक्टरच्या लाल तारेला जोडली. ट्रॅक्टरची ती तार थेट बॅटरीवरून आलेली होती. आवाज बारीक करून ठेवलेला रेडिओ चावी काढल्यावरही रात्रभर चालूच राहिला. सकाळी चिखलणीच्या वेळी स्टार्टर फिरेना आणि लावणीला आलेली माणसे बांधावर बसून राहिली. तेव्हापासून रंगावर विसंबायचे मी सोडले आहे.

बाजारात सुट्या विकल्या जाणाऱ्या बहुतेक रेडिओंच्या तारांचे रंग ठरलेले असतात. पिवळी तार बॅटरीच्या कायम प्लसची. वेळ आणि लावलेली स्टेशने तिच्यामुळे लक्षात राहतात. लाल तार चावीबरोबर चालू-बंद होणाऱ्या प्लसची. काळी तार अर्थची. नारिंगी तार दिव्यांबरोबर उजळणाऱ्या प्रकाशाची. निळी किंवा निळी-पांढरी तार एरियल वा अॅम्प्लिफायर चालू करण्यासाठी बाहेर वीज देते. तिला प्लस किंवा अर्थ जोडल्यास सेट बिघडतो. गरज नसल्यास तिचे टोक टेपने बंद करावे. पांढरी, करडी, हिरवी व जांभळी या स्पीकरच्या तारा; त्याच रंगावर काळी रेघ असेल तर ती त्या स्पीकरची मायनस.

मात्र हे रंग रेडिओच्या बाजूचे आहेत. मोटारीच्या किंवा ट्रॅक्टरच्या वायरिंगला हा नियम लागू नाही. प्रत्येक कंपनीचे रंग निराळे. मोटारीतच मूळ बसवून आलेल्या रेडिओचेही तसेच. म्हणून भंगारवाल्याकडून सेट घेताना पाठीमागचे प्लग आणि वीतभर तार ठेवूनच कापून घ्यावी. सेटवर चिकटविलेला तारांचा नकाशा शाबूत आहे का, ते पाहावे. काही मूळ सेट वीज तुटल्यावर सांकेतिक आकडा मागतात. तो ठाऊक नसेल तर असा सेट घेऊ नये. प्लगच्या पिना हिरव्या पडल्या असतील किंवा आत गाळ दिसत असेल, तर सेट पुरातला समजून सोडून द्यावा. स्वतः मोडीच्या मोटारीतून काढत असाल, तर पिवळ्या आवरणातील तारांना हात लावू नये. त्या बहुधा एअरबॅगच्या असतात.

आता ट्रॅक्टरच्या तारा ओळखू. त्याची बॅटरी बारा व्होल्टची आहे ना, याची खात्री करावी. मोठ्या ट्रकवर चोवीस व्होल्ट असतात, तेथे हा सेट जळेल. मल्टिमीटर डीसी वीस व्होल्टवर ठेवून काळी सुई बॉडीच्या रंग खरवडलेल्या लोखंडाला टेकवावी. चावी बंद असताना ज्या तारेवर बारा-साडेबारा व्होल्ट दिसतील ती कायम प्लस. तेथे सेटची पिवळी जोडावी. चावी फिरविल्यावरच व्होल्ट दाखविणारी तार लालसाठी. काळी तार थेट बॉडीला घट्ट नटाखाली द्यावी. मीटर नसेल तर इंडिकेटरचा बारा व्होल्टचा बल्ब दोन तारा जोडून वापरता येतो. तपासताना उघडी टोके एकमेकांना किंवा बॉडीला टेकू देऊ नयेत. प्रत्यक्ष जोडण्यापूर्वी बॅटरीची मायनस तार काढून ठेवावी.

सर्वांत जास्त सेट जळतात ते स्पीकरमुळे. जुन्या सवयीने स्पीकरची मायनस बॉडीला लावली जाते. आजच्या सेटमध्ये प्रत्येक स्पीकरच्या दोन्ही तारा सेटकडेच जायला हव्यात. एकच स्पीकर बसविणार असाल तर एकच जोडी वापरावी व उरलेल्या प्रत्येक तारेचे टोक वेगवेगळे टेपने गुंडाळावे. स्पीकरचा प्लस कळत नसेल, तर तो सेटपासून सोडवून दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवावा. कागदी शंकू बाहेर सरकला की सेलच्या प्लसकडील टोक तेच स्पीकरचे प्लस.

पिवळ्या तारेत बॅटरीजवळच फ्यूज असलाच पाहिजे. सेटवर लिहिलेल्या अँपिअरचा, बहुधा दहाचा. सांधे नुसते पिळून न ठेवता डाख देऊन त्यावर स्लीव्ह चढवावी, कारण आपल्या कोकणातील दमट हवेत टेप सुटते. तारा सायलेन्सरपासून दूर न्याव्यात. पावसाळ्यात ट्रॅक्टर उभा असतो तेव्हा उंदीर तारा कुरतडतात, तेवढे अधूनमधून पाहावे. आणि फ्यूज उडाला तर त्याजागी तांब्याची तार घालू नये. कोणती तार बॉडीला लागते आहे, ते आधी शोधावे.