सिस्टर कुठे घडते?

बारावीचा निकाल लागला की माझ्या दवाखान्यात ताप-खोकल्याच्या रुग्णांबरोबर सल्ला विचारणाऱ्यांचीही गर्दी वाढते. "डॉक्टरसाहेब, लेकीला नर्सिंगला टाकावं म्हणलो. कोणतं कॉलेज चांगलं?" असे विचारणारा बाप बहुधा माहितीपत्रक खिशात घेऊनच आलेला असतो. पत्रकावर तीन मजली इमारत, संगणकांची खोली, बस आणि गणवेशातील मुलींची रांग छापलेली असते. मी ते उलटसुलट करून पाहतो आणि विचारतो, "या कॉलेजच्या मुली कोणत्या दवाखान्यात शिकतात?" बहुतेकांना या प्रश्नाचे नवल वाटते. आधी कॉलेज, दवाखाना नंतर नोकरीसाठी, असा सर्वसाधारण समज आहे. तो समज चुकीचा आहे. त्याचा संबंध एकट्या त्या मुलीच्या भवितव्याशी नाही. रात्री दोन वाजता आपल्या घरच्या बाळंतिणीच्या खाटेशी जी उभी असेल, तिला काय येत असेल, हे त्यावर ठरते.

आधी अभ्यासक्रमांची ओळख करून घेऊ. ए.एन.एम. हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम फक्त मुलींसाठी आहे आणि त्यातील शेवटचे सहा महिने प्रत्यक्ष कामाचे असतात. उपकेंद्रावरची आरोग्यसेविका, जिला आपण 'नर्सबाई' म्हणतो, ती यातून येते. जी.एन.एम. तीन वर्षांचा असून मुलांनाही खुला आहे. रुग्णालयातील अधिपरिचारिका, म्हणजे स्टाफ नर्स, यातून तयार होते. हे दोन्ही कोणत्याही शाखेतून बारावी झालेल्यांना करता येतात. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचे. त्याला बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागते, राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि पदवी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची मिळते. तिन्हींना शेवटी महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी लागते. ती नसेल तर बाकीचे सारे कागद बिनकामाचे.

आता मुख्य मुद्दा. या तिन्ही अभ्यासक्रमांत वर्गातले तास असतात, पण विद्यार्थिनीचा मोठा काळ वॉर्डात, प्रसूतिगृहात, शस्त्रक्रियागृहात आणि गावपातळीवर जायला हवा असतो. म्हणून भारतीय परिचर्या परिषदेने संस्थांना रुग्णालय जोडून घेण्याची अट घातली. एका विद्यार्थिनीमागे वॉर्डात तीन रुग्ण असावेत आणि निदान पंचाहत्तर टक्के खाटा भरलेल्या असाव्यात, हे त्यातील दोन प्रमुख निकष. हिशेब करून पाहा. शंभर खाटांचे रुग्णालय, त्यात पंचाहत्तर रुग्ण, तर एका वेळी पंचवीस मुलींना नीट शिकता येईल. तेथे दोन-तीन संस्थांच्या मिळून ऐंशी मुली एकाच सकाळी उतरल्या तर एका रुग्णाची नाडी तिघी पाहणार आणि बाकीच्या भिंतीला टेकून वहीत उतरवून घेणार. कागदावर मात्र सगळ्यांचेच तास भरतात.

वॉर्डात शिकायचे म्हणजे नेमके काय, हे सांगितल्याशिवाय त्याचे मोल कळणार नाही. बाळ जन्मल्यावर एका मिनिटाच्या आत, पोटात दुसरे बाळ नाही याची खात्री करून, आईच्या मांडीत ऑक्सिटोसिनचे दहा युनिटचे इंजेक्शन द्यावयाचे असते. त्याने गर्भाशय आकुंचन पावते आणि प्रसूतीनंतरचा रक्तस्राव टळतो. हे वाक्य पाठ करायला पाच मिनिटे लागतात. पण प्रत्यक्षात त्याच मिनिटात बाळही सांभाळायचे असते. ते रडले नाही तर पुसून, ऊब देऊन, पाठ चोळून, तरीही श्वास नसेल तर पिशवी आणि मुखवट्याने हवा द्यायची. इंजेक्शन आधीच काढून ठेवलेले असेल तरच हे जमते. ते औषध शीतकपाटात दोन ते आठ अंश तापमानात ठेवावे लागते. वीज जाऊन ते खराब झाले असेल तर उत्तम हातानेही उपयोग होत नाही. ही शिस्त, म्हणजे प्रसूतीआधीच ट्रे मांडून ठेवणे, फ्रिजचे तापमान रोज लिहिणे, गर्भाशय घट्ट झाले का हे हाताने चाचपून पाहणे, पुस्तकातून येत नाही. एखाद्या जाणत्या सिस्टरच्या शेजारी उभे राहून वीस-पंचवीस वेळा पाहिल्यावर आणि मग तिच्या देखरेखीखाली स्वतः केल्यावर ती अंगात भिनते.

मी अंबाजोगाईला शिकत असताना बालरोग वॉर्डातील एका परिसेविकेने आम्हा भावी डॉक्टरांना तान्ह्या बाळाचे श्वास मोजायला शिकवले होते. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचे नाही, घड्याळ लावून पूर्ण मिनिट मोजायचे, हा तिचा दंडक. नवजात बाळाचा श्वास अनियमित असतो, म्हणून अर्धवट मोजणी फसवते. मिनिटाला साठ किंवा त्याहून अधिक श्वास असतील तर ते धोक्याचे लक्षण. मी आजही तसेच मोजतो. प्राध्यापकांची कित्येक व्याख्याने मी विसरलो आहे.

शाळा आणि रुग्णालय यांची ही सांगड नवी नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या निधीतून १८६० साली लंडनला परिचारिकांची शाळा निघाली, ती सेंट थॉमस रुग्णालयात. आपल्याकडचे उदाहरण मला त्याहून जवळचे वाटते. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू झाले. त्या संस्थेने विधवा आणि गरजू स्त्रियांना परिचर्येच्या शिक्षणासाठी ससून रुग्णालयात पाठवले. परक्या माणसाच्या अंगाला हात लावणे हे 'चांगल्या घरच्या' बाईचे काम नव्हे, असे मानणारा तो काळ. राहण्याची सोय आणि पाठीशी उभे राहणे हे संस्थेने पाहिले, हाताला वळण ससूनच्या वॉर्डांनी दिले. दोघांनी आपापला वाटा उचलला म्हणून ते साधले. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली, भोर समितीने देशाच्या आरोग्याचा आढावा घेतला तेव्हा सुमारे ४३ हजार लोकांमागे एक परिचारिका अशी स्थिती होती. तेथून आपण बरेच पुढे आलो. पण परिचारिका जेथे हवी तेथे पोहोचली का, हा प्रश्न उरलाच आहे.

आपल्या जिल्ह्यापुरते पाहू. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हिंगोली जिल्हा पाच तालुक्यांचा. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ११ लाख ७७ हजार ३४५ होती. सपाटीच्या भागात पाच हजार लोकांमागे एक उपकेंद्र हा सरकारी निकष लावला तर त्या लोकसंख्येलाच सुमारे २३५ उपकेंद्रे आणि निदान तितक्याच आरोग्यसेविका लागतात. शिवाय प्राथमिक आरोग्य केंद्रे, सेनगाव-औंढ्यासारखी ग्रामीण रुग्णालये, जिल्हा रुग्णालय आणि खासगी दवाखाने वेगळेच. सामान्य रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक, शिक्षण देणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि अतिदक्षता विभागात एका रुग्णामागे एक परिचारिका असावी, असे परिषदेचे प्रमाण आहे, आणि तेही प्रत्येक पाळीला. सुट्या आणि आजारपण धरून त्यावर आणखी तीस टक्के.

ही संख्या कमी पडली की काय होते, याची आठवण आपल्या भागाला नव्याने करून द्यायला नको. नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर २०२३ या दिवसांत चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बालके होती. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि रिक्त पदांचा प्रश्न चर्चेला आला. कारणे अनेक सांगितली गेली, त्यांचा निवाडा मी येथे करणार नाही. पण हिंगोलीची गुंतागुंतीची बाळंतीण आणि अपुऱ्या दिवसांचे बाळ वर्षानुवर्षे नांदेडचाच रस्ता धरत आले आहेत, हे आपण सारे जाणतो. आपल्या जिल्ह्यात जे सांभाळता येईल ते येथेच सांभाळले गेले तर तेथील खाटांवरचा भार तेवढा हलका होईल.

ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यातील दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यांत हिंगोलीचेही होते. आनंदाची गोष्ट आहे. मात्र डॉक्टर शिकवण्यासाठी जो वॉर्ड लागतो, तोच परिचारिका शिकवण्यासाठीही लागतो. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये नव्या वैद्यकीय महाविद्यालयांना लागून १५७ शासकीय नर्सिंग महाविद्यालये काढण्याचा निर्णय घेतला, तो याच विचाराने. एकाच खाटेभोवती दोन्ही विद्यार्थी उभे राहिले तर पुढे कामातही एकमेकांचे ऐकतात, हा त्यातला मला दिसणारा दुसरा फायदा. डॉक्टरने सिस्टरचे ऐकणे हा विषय आमच्या व्यवसायात जरा नाजूकच आहे!

पण जागा वाढवणे हा अर्धाच उपाय. शिक्षणसंस्थेने दवाखान्याला विचारले पाहिजे की तुम्हाला कोणत्या कामाची माणसे कमी पडतात. पुण्या-मुंबईच्या बड्या रुग्णालयात शिकलेल्या मुलीला कृत्रिम श्वासाचे यंत्र ओळखीचे असते. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये हळदीच्या किंवा सोयाबीनच्या रानातून सर्पदंशाचा रुग्ण येतो तेव्हा वेगळे कौशल्य लागते. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवायचे आणि मग नळी कलती करून पाहायचे. रक्त गोठले नसेल तर विष रक्तावर परिणाम करीत आहे असे समजायचे. नळी प्लास्टिकची असेल तर चाचणी फसते. प्रतिविष चालू असताना अंगावर पित्त उठले, रक्तदाब पडला तर अॅड्रिनॅलिन हाताशी भरून ठेवलेले हवे. फवारणीच्या औषधाची विषबाधा, गरोदरपणातील रक्तक्षय, ऊसतोडीवरून परतलेल्या आणि एकही तपासणी न झालेल्या गरोदर बायका, हे आपले रोजचे रुग्ण. ते येथेच भेटतात. म्हणून जिल्ह्यातील नर्सिंग शाळांच्या पाठ्यनिर्देशिका, जिल्हा रुग्णालयाच्या अधिसेविका आणि तालुक्याचे वैद्यकीय अधिकारी यांनी वर्षातून दोनदा तरी एकत्र बसून हिशेब मांडावा. कोणत्या वॉर्डात किती मुली, कोणाच्या देखरेखीखाली, आणि पुढल्या वर्षी प्रसूतिगृहाला, नवजात कक्षाला किती हात लागणार. याला वेगळा निधी लागत नाही.

दुसरी बाजूही सांगतो. दवाखान्याची गरज म्हणजे फुकटचे हात नव्हेत. माणसे कमी आहेत म्हणून दुसऱ्या वर्षाच्या मुलीवर रात्रपाळीचा सगळा वॉर्ड सोपवणे हे शिक्षण नाही, आणि रुग्णाच्या दृष्टीने ते सुरक्षितही नाही. शिकाऊ मुलगी ही नेमलेल्या परिचारिकेखेरीज असली पाहिजे, तिच्या जागी नव्हे. तिच्याबरोबर संस्थेची शिक्षिका वॉर्डात असली पाहिजे. सह्या घ्यायला बाराला येऊन साडेबाराला जाणारी शिक्षिका उपयोगाची नाही.

शिकून झाल्यावर मुली थांबत नाहीत, ही तक्रार मी नेहमी ऐकतो. जागतिक आरोग्य संघटनेने ग्रामीण भागात आरोग्य कर्मचारी टिकावेत म्हणून २०१० मध्ये शिफारशी केल्या आणि २०२१ मध्ये त्या सुधारून पुन्हा प्रसिद्ध केल्या. ग्रामीण भागातील विद्यार्थ्यांना प्रवेश द्यावा, शिक्षणसंस्था शहरांपासून दूर काढाव्यात आणि शिकतानाच ग्रामीण दवाखान्यांत काम द्यावे, या त्यांतील प्रमुख गोष्टी. त्यांच्याबरोबरच चांगली राहण्याची सोय, सुरक्षितता आणि पदोन्नतीही सांगितली आहे, आणि नेमके तेच आपण विसरतो. उपकेंद्राच्या निवासाला दार धड नाही, रात्री गावात रिक्षा नाही, आणि महिनोन्महिने कंत्राटी पगार अडकलेला, अशा ठिकाणी कळमनुरीची लेक असली तरी ती पुण्याचे तिकीट काढणारच. तिला दोष देता येणार नाही.

तेव्हा मुलीला प्रवेश घेण्याआधी पालकांनी ज्या रुग्णालयाशी संस्था जोडलेली आहे तेथे एकदा सकाळी नऊच्या सुमारास स्वतः जावे. खाटा भरलेल्या आहेत का, मुली रुग्णांजवळ आहेत की कॉरिडॉरमध्ये, शिक्षिका कोठे आहे, हे डोळ्यांनी दिसते. शेवटच्या वर्षाच्या एखाद्या मुलीला विचारावे, आतापर्यंत किती प्रसूती स्वतः केल्या? ती आकडा चटकन सांगेल किंवा अडखळेल. प्रसूतींची नोंद केसबुकात करावी लागते, त्यामुळे खरा आकडा तिला ठाऊक असतोच. मूळ गुणपत्रिका कायमच्या अडकवून ठेवणारी संस्था असेल तर तेथून सरळ परत यावे.

आणि खासगी दवाखान्यात जाणाऱ्या रुग्णांसाठी एक गोष्ट. पांढरा कोट घातलेली प्रत्येक मुलगी परिचारिका नसते. बारावी झालेल्या मुलीला चार महिने सलाईन लावायला शिकवून 'सिस्टर' म्हणण्याची पद्धत लहान गावांत सर्रास आहे. खरे तर राज्याचा शुश्रूषागृह नोंदणीचा १९४९ पासूनचा कायदा पात्र परिचारिकांची अपेक्षा ठेवतो. घरचे कोणी दाखल असेल, विशेषतः प्रसूतीसाठी, तर रात्रपाळीला नोंदणीकृत परिचारिका कोण आहे, असे सौजन्याने विचारायला हरकत नाही. तिच्याजवळ परिचर्या परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो आणि तिला दर पाच वर्षांनी त्याचे नूतनीकरण करावे लागते. खरी सिस्टर या प्रश्नाने रागावत नाही, असा माझा अनुभव आहे.