आल्प्स पर्वतांतील एका खेड्याचें गायरान

परदेशच्या शेतीची गोष्ट निघाली म्हणजे मोठमोठीं यंत्रें व शेंकडों एकरांचीं सलग शेतें आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. परंतु युरोपांतही अशीं खेडीं आहेत कीं, जेथें जमीन तुटपुंजी, तीही उतरणीची, आणि हिवाळा दीर्घ व कडक. स्वित्झर्लंडच्या व्हॅले प्रांतांतील टोर्बेल हें त्यांपैकींच एक. सुमारें पांचशें वस्तीच्या या गांवानें आपलें सामाईक कुरण शतकानुशतकें कसें राखलें, हें आमच्या शेतकरी बंधूंनीं समजून घेण्यासारखें आहे.

ऱ्होन नदीच्या खोऱ्यांत व्हिस्प येथें आगगाडींतून उतरून डोंगर चढूं लागलें म्हणजे सुमारें ५००० फूट उंचीवर टोर्बेल लागतें. उन्हानें काळवंडलेलीं लांकडी घरें एकमेकांस खेटून उभीं आहेत. धान्याचीं जुनीं कोठारें लांकडी पायांवर उचललेलीं असून, पाय व कोठार यांच्यामध्यें सपाट वाटोळा दगड बसविलेला असतो. उंदरांस तो ओलांडून वर जातां येत नाहीं. भोंवतालच्या उंच रांगा ढग अडवितात, म्हणून पाऊस थोडा. त्यामुळें गवताच्या मळ्यांसही पाटाचें पाणी द्यावें लागतें.

येथील कुटुंबाची जमीन एके ठिकाणीं नसे. खालच्या उबदार उतारावर द्राक्षमळा, त्याच्या वर राय नांवाच्या गव्हासारख्या धान्याचें शेत, आणि ठिकठिकाणीं गवताचे तुकडे अशी तिची विभागणी असे. मुलगे व मुली या सर्वांस सारखा वांटा मिळे. ही जमीन ज्याची त्याच्या मालकीची. परंतु गांवाच्या वरचें उन्हाळी कुरण, रान, पडीक जमीन, पाट व वाटा हें सर्व सामाईक. उंचावरील गवत विरळ, तेंही दरसाल एकाच जागीं चांगलें येईल असा भरंवसा नाहीं. अशा जमिनीचे तुकडे पाडून कुंपणें घालण्याचा खर्च कोणासच परवडला नसता.

मात्र सामाईक म्हणजे मोकाट नव्हे. गांवाचे जमिनीविषयींचे लेखी दस्तऐवज १२२४ सालापासूनचे आहेत. १ फेब्रुवारी १४८३ रोजीं गांवकऱ्यांनीं कुरण, रान व पडीक जमीन यांच्या व्यवस्थेसाठीं रीतसर मंडळ स्थापन केलें. परक्यानें गांवांत जमीन विकत घेतली तरी तेवढ्यानें त्यास चराईचा हक्क मिळत नसे. पुढें १५१७ सालच्या नियमानें असें ठरलें कीं, जितक्या गाई हिवाळ्यांत पोसतां येतील, त्यांहून अधिक गाई कोणीही कुरणावर पाठवूं नयेत.

या नियमांतील मर्म पाहण्यासारखें आहे. हिवाळ्यांत जनावरें गोठ्यांत असतात व मालकाच्या सांठविलेल्या गवतावर जगतात. एखाद्यानें वसंतांत बाहेरून दहा गाई आणून फुकटच्या गवतावर पोसल्या व थंडीपूर्वीं विकल्या, तर नफा त्याचा आणि झीज साऱ्या गांवाची. वरील नियमानें ही वाट बंद झाली. प्रत्येकाचा हक्क त्याच्या स्वतःच्या कष्टानें सांठविलेल्या चाऱ्याशीं बांधला गेला.

नियम पाळला जावा म्हणून व्यवस्थाही होती. गाई वर गेल्या कीं लगेच त्यांची मोजदाद होई, आणि मोसमाच्या अखेरीस चीजची वांटणी त्याच हिशेबावर होत असल्यामुळें आंकडा लपविण्यांत कोणाचा लाभ नसे. मर्यादा ओलांडणाऱ्यास दंड करण्याचा अधिकार एका कारभाऱ्यास असून, दंडाची निम्मी रक्कम त्यास मिळे. वाटा व पडलेले गोठे दुरुस्त करण्याचें काम गाईंच्या संख्येच्या प्रमाणांत वांटलें जाई. रानांत कोणतीं झाडें तोडावयाचीं त्यांवर गांवचे अधिकारी खुणा करीत. मग गांवकरी मिळून तोड करीत, लांकडांचे सारखे ढीग रचीत व चिठ्ठ्या टाकून ते वांटून घेत.

अमेरिकन अभ्यासक रॉबर्ट नेटिंग यांनीं या गांवीं राहून केलेल्या अभ्यासाचा ग्रंथ १९८१ सालीं प्रसिद्ध झाला. त्याच्या आधारें एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनीं आपल्या १९९० च्या ग्रंथांत टोर्बेलचा दाखला दिला. सामाईक संपत्तीच्या व्यवस्थेवरील कार्याबद्दल त्यांस २००९ सालीं अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें.

या व्यवस्थेंत उणीव नाहीं असें मात्र नव्हे. ज्याचे गवताचे मळे मोठे त्याच्या गाई अधिक. ज्यास मळाच नाहीं त्यास कुरणाचा उपयोग कोणता? हा नियम गवत वांचवितो, पण संपत्ती सारखी करीत नाहीं.

आमच्याकडे 'गांवचें तें कोणाचेंच नाहीं' या समजुतीनें किती गायरानें उजाड झालीं, तें वाचकांस ठाऊकच आहे. आमचे कसोटीचे महिने हिवाळ्याचे नसून चैत्र-वैशाखाचे. तेव्हां माप लावावयाचें तर तें कडब्याच्या गंजीवरून लावावें लागेल, आणि भूमिहीनाच्या एखाददुसऱ्या शेळीची सोय आधीं पाहावी लागेल. माप कोणतें हें प्रत्येक गांवानें आपल्या परिस्थितीप्रमाणें ठरवावें. परंतु तें सर्वांनीं मिळून ठरवावें, लिहून ठेवावें व दरसाल मोजावें, एवढें टोर्बेलपासून घेण्यासारखें आहे.