मिस्त्री म्हणजे मास्तर : सुतारकामाच्या उस्तादीचा हिशेब

परतवाड्याचे नाव निघाले की बाहेरगावच्या व्यापाऱ्याला आधी सागवान आठवते. मेळघाटचे जंगल पाठीशी आणि वनखात्याचा लाकूड डेपो गावाला लागून, त्यामुळे आरामशीन, फर्निचरची दुकाने आणि सुतारांचे कारखाने येथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. लाकडाच्या भावाची चर्चा आपल्या बाजारात रोज होते. पण त्या लाकडाचा पलंग किंवा दरवाजा बनविणारा हात तयार कसा होतो, त्याला शिकवितो कोण आणि त्या शिक्षणाचा खर्च कोणाच्या खिशातून जातो, हा हिशेब कोणी मांडीत नाही. मी कापडाचा व्यापारी. लाकूडकामातला मी नव्हे. तरीही हा हिशेब मांडीत आहे, कारण या बाबतीत एक चूक माझ्या हातून झालेली आहे.

चार दिवसांची मजुरी

१९९८ सालची गोष्ट. वडिलांसोबत मी दुकानात बसू लागलो होतो. रमजान सुरू होण्यापूर्वी दुकानाचा गल्ला आणि कापडाच्या मांडण्या नव्या करून घ्यायच्या ठरल्या. ओळखीच्या एका बुजुर्ग मिस्त्रीचाचांना काम दिले. त्यांच्याकडे अठरा-एकोणीस वर्षांचा एक मुलगा नुकताच काम शिकायला आला होता. गल्ल्याच्या खणाचे काम चाचांनी त्याला दिले. मुलाने जोड बसविला, कोपऱ्यात फट राहिली. चाचांनी तो खोलायला लावला. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा जोड बसला, तोवर ठरलेल्या दिवसावर चार दिवस गेले होते.

मी तावातावाने गेलो आणि म्हणालो, "चाचा, हे दुकानाचे काम आहे, शाळा नव्हे. तुम्ही स्वतः का नाही केले?" चाचा शांतपणे म्हणाले, "शेठ, लाकूड वाया गेले ते माझे. उशीर झाला असेल तर मजुरीतून कापा." आणि मी खरोखर चार दिवसांचे कापले.

तो खण आजही माझ्या दुकानात आहे. पावसाळ्यातसुद्धा एका बोटाने उघडतो. तो मुलगा आज स्वतः मिस्त्री आहे. मला मात्र फार उशिरा उमगले की त्या मुलाच्या शिक्षणाचा खर्च चाचांनी केला, फायदा मला झाला, आणि दंडही मी चाचांकडूनच वसूल केला.

शिकवितात ते काय?

अनेकांचा समज असा की सुतारकाम पाहून पाहून येते. निम्मे येत असेल, पण उरलेले निम्मे हातावर हात ठेवल्याशिवाय येत नाही.

नवख्याचा पहिला धडा लाकडाचा नसतो, धारेचा असतो. पटाशीची पाठ दगडावर घासून अगदी सपाट करायची. मग पुढचा उतार साधारण २५ ते ३० अंशांच्या कोनात घासायचा. धार लागत आली की पाठीकडे पोलादाची बारीकशी कड वळते. ती बोटाला जाणवते, डोळ्याला दिसत नाही. ती हलक्या हाताने काढली म्हणजे धार पूर्ण झाली. कोन हातात बसेपर्यंत उस्ताद शागिर्दाची बोटे धरून दगडावर फिरवितो. बोथट हत्याराला जोर लावावा लागतो आणि जोराने निसटलेली पटाशी हात कापते. म्हणून धारदार हत्यारच कमी धोक्याचे, ही पहिली शिकवण.

नंतर रंदा. तो उलटा धरून तळाकडून पाहायचे, पाते केसभर बाहेर दिसले पाहिजे. लाकडाच्या रेषा कोणत्या बाजूला चढतात हे ओळखून त्याच बाजूने चालवायचा. उलट चालविला तर पृष्ठभाग गुळगुळीत होण्याऐवजी तंतू उपटून निघतात.

मग गुनिया, म्हणजे काटकोन तपासण्याचे साधन. पण गुनियाच खोटा असला तर? सरळ फळीच्या कडेला तो टेकवून एक रेघ ओढावी. मग गुनिया उलटा फिरवून त्याच जागी दुसरी रेघ ओढावी. दोन्ही एकावर एक आल्या तर गुनिया खरा, फाकल्या तर खोटा. दरवाजाच्या चौकटीचीही अशीच परीक्षा आहे. समोरासमोरच्या कोपऱ्यांत दोरी धरून दोन्ही तिरपी मापे घ्यावीत. सारखी भरली तर चौकट काटकोनात आहे.

सर्वांत अवघड धडा लाकडाच्या स्वभावाचा. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, रुंदीत मात्र उन्हाळ्यात आकसते आणि पावसाळ्यात फुगते. आपल्या वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि जुलैत हवा ओली होते. म्हणून जाणता मिस्त्री दरवाजाच्या चौकटीतील फळी खाचेत सैल ठेवतो, चिकटवीत नाही. चिकटविलेली फळी वर्ष-दोन वर्षांत तडकते. गिऱ्हाईक लाकडाला दोष देते, पण दोष बहुधा न शिकलेल्या हाताचा असतो.

शब्दांची साक्ष

उर्दू शाळेत शिकल्यामुळे या हत्यारांची नावे मला ओळखीची वाटतात. रंदा आणि गुनिया हे शब्द फारसीतून आले. लाकडावर कडेला समांतर रेघ मारण्याचे साधन ते खतकश. खत म्हणजे रेघ आणि कश म्हणजे ओढणारा. उस्ताद आणि शागिर्द हेही फारसीच. पण मिस्त्री हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांच्या भाषेतून आला. मूळ शब्द मेस्त्र, आणि त्याचा अर्थ उस्ताद, मास्तर! ज्याला आपण मिस्त्री म्हणून हाक मारतो त्याच्या नावातच शिकविणे आहे.

परदेशातही हुनरमंदांनी ही रीत जपली आहे. फ्रान्समध्ये सुतार, गवंडी वगैरे कारागिरांच्या जुन्या मंडळांत तरुण गावोगाव फिरून निरनिराळ्या उस्तादांच्या हाताखाली काम शिकतो, आणि स्वतः तयार झाल्यावर पुढच्यांना शिकविणे हे त्याचे कर्तव्य मानले जाते. २०१० साली युनेस्कोने या प्रथेची अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद घेतली. आपल्याकडे हेच काम कोणत्याही नोंदीशिवाय, दुकानाच्या ओट्यावर चालते.

तोट्याचा सौदा का करतात?

व्यापारी म्हणून मला हाच प्रश्न पडे. नवख्याला घेऊन काम केले की एका दिवसाचे काम दोन दिवस चालते. लाकूड बिघडते, म्हणून उस्ताद आधी आंब्याच्या नाहीतर खोक्याच्या फळ्यांवर हात बसवून घेतो आणि मगच साग हातात देतो. आपला जुना रंदा आणि जास्तीची पटाशी त्याला वापरायला देतो. आणि तयार झालेला शागिर्द उद्या शेजारीच दुकान टाकणार, हेही त्याला ठाऊक असते.

तरी शिकवितात, कारण त्यांनाही कोणीतरी असेच शिकविले होते. त्यात बाजाराचेही हित आहे. ज्या गावात दहा चांगले मिस्त्री असतात तेथे गिऱ्हाईक लांबून येते. एकच चांगला उरला, तर तो गेल्यावर गिऱ्हाईकही जाते.

कोणी म्हणेल, आता मशीन आणि प्लायवूडचा जमाना आहे, हातहत्यारे कशाला? मशीन फळी चिरते, रंधते, यात शंका नाही. पण पावसाळ्यात अडकलेला दरवाजा जागेवर रंदा मारूनच सुटतो. बिजागरीची खाच, जुन्या पलंगाची दुरुस्ती, वाकड्या भिंतीत बसवायची चौकट ही कामे हाताचीच. शिवाय मशीनला लाखाचे भांडवल लागते. हातहत्यारांची पेटी काही हजारांत होते, आणि गरिबाच्या मुलाला धंद्यात शिरायला तेवढे दार उघडे राहते.

आपण काय करावे?

केंद्र सरकारने १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू केलेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय असून सुतारकाम त्यात आहे. नोंदणी झालेल्या कारागिराला ५ ते ७ दिवसांचे प्राथमिक प्रशिक्षण, त्या काळात रोज ५०० रुपये विद्यावेतन आणि हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते. तारणाशिवाय पहिल्या टप्प्यात १ लाख व दुसऱ्या टप्प्यात २ लाखांपर्यंत कर्ज ५ टक्के व्याजाने मिळू शकते. वय १८ पूर्ण हवे आणि एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो. आपल्या कारागीर बंधूंनी सेवा केंद्रावर जाऊन याचा लाभ जरूर घ्यावा. पण पाच-सात दिवसांत मिस्त्री तयार होत नाही. ते काम उस्तादाच्या ओट्यावरच व्हायचे.

म्हणून व्यापारी बंधूंना तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. काम देताना शागिर्दाचे दोन-चार दिवस मुदतीत आधीच धरावेत. मोठे काम असेल तर शागिर्दाची मजुरी वेगळी ठरवून द्यावी, ती उस्तादाच्या मजुरीतून जाऊ नये. आणि शिकायला येणारा मुलगा शाळेतून काढलेला नाही याची खात्री करावी. १४ वर्षांखालील मुलाला कामावर ठेवणे हा गुन्हा आहे. पूर्वीची ती रीत आता चालणार नाही आणि चालूही नये.

मिस्त्रीचाचा आज हयात नाहीत. चार दिवसांची कापलेली मजुरी त्यांना परत करण्याची वेळ माझ्याकडून निघून गेली. गेल्या वर्षी दुकानात नवीन मांडण्या करून घेतल्या, त्या त्यांच्याच शागिर्दाकडून. त्याच्याकडेही एक मुलगा नवा होता, आणि काम सहा दिवस लांबले. या वेळी मी पूर्ण पैसे दिले आणि मुलाच्या हातावर त्याची मजुरी वेगळी ठेवली.

ज्यांचे उस्ताद अजून हयात आहेत, त्यांनी हा हिशेब वेळेत चुकता करावा.