जिनिंगच्या छपराखाली

वणी, पांढरकवडा, दारव्हा, दिग्रस, घाटंजी, राळेगाव. यवतमाळ जिल्ह्यातलं कापसाची बाजारपेठ असलेलं कुठलंही गाव घ्या, ‘जुनी जिनिंग’ म्हणून ओळखली जाणारी एखादी जागा निघतेच. कुठे शेड शाबूत असते, कुठे नुसतं फाटक, तर कुठे लेआऊट पडून प्लॉट विकले गेलेले असतात आणि जिनिंग फक्त पत्ता सांगण्यापुरती उरलेली असते. गावातलं वाचनालय मात्र दोन-तीन खोल्यांत अंग चोरून बसलेलं. या दोघांची गाठ घालून देता येईल असं मला वाटतं. पण वारसा वगैरे मोठे शब्द काढण्याआधी ही इमारत मुळात चालायची कशी, ते पाहायला हवं.

शंभर किलो कापसातून रुई निघते साधारण 33 ते 35 किलो. उरलेली बहुतेक सरकी. म्हणजे कापूस तसाच मुंबईला पाठवायचा तर दोन तृतीयांश भाडं सरकीचं भरायचं. म्हणून जिनिंग शेताजवळ आली. रुई हलकी पण जागा खाणारी, म्हणून जिनिंगशेजारी प्रेस आला. आज 170 किलोची घट्ट गाठ बांधतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यवतमाळहून माल 29 मैलांवरच्या धामणगाव स्टेशनवर न्यावा लागे. पुढे किलिक निक्सन कंपनीच्या अरुंद रुळांवरून मूर्तिजापूरपर्यंत 113 किलोमीटरची सोय झाली. हीच ‘शकुंतला’. 1994 पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं. आता ती बंद आहे, आणि तिच्यावर हळवं होऊन लिहिणारे पुष्कळ आहेत. ज्या मालासाठी ती धावली त्याच्या इमारतींवर मात्र फारसं कुणी लिहीत नाही.

आत डबल रोलर जिनांची रांग असते. चामड्याच्या चकत्यांचा रोलर तंतू ओढून घेतो, सुरी त्याला अडवते, सरकी खाली गळते. हवेत तंतूंचा इतका भुगा तरंगतो की छपराच्या कैच्यांवर त्याची पांढरी साय धरते. ठिणगी पडली की सगळं संपलं. त्यामुळे अंगण मोठं ठेवायचं, गंज्या अंतरावर लावायच्या, पाण्याचा हौद हाताशी ठेवायचा. 1925 च्या कापूस जिनिंग व प्रेसिंग कारखाने अधिनियमाने तर नव्या जिनघरांना कापूस आत आणायला एक वाट आणि रुई बाहेर काढायला दुसरी वाट सक्तीची केली. कच्चा आणि पक्का माल एकमेकांत मिसळू नये, हा हेतू.

आता हे वर्णन ग्रंथालयाच्या नजरेने पुन्हा वाचा. मधे भिंत नसलेली लांबरुंद जागा, उंच छप्पर, ये-जा करायला वेगळ्या वाटा, आग लागली तर पळायला अंगण आणि विझवायला पाणी. यातलं बरंचसं आज वास्तुविशारदाला फी देऊन मागून घ्यावं लागतं.

नेदरलँड्समधल्या टिलबर्गने हेच ओळखलं. तेही कापडाचं गाव, फक्त लोकरीच्या. तिथली 1932 ची रेल्वे इंजिनांची शेड 2019 च्या सुरुवातीला ‘लोकहाल’ नावाने सार्वजनिक ग्रंथालय म्हणून उघडली आणि त्याच वर्षी जागतिक वास्तुकला महोत्सवात वर्षातली सर्वोत्तम इमारत ठरली. जमिनीतले रूळ त्यांनी उखडले नाहीत. त्यांवर चाकांची भलीमोठी टेबलं बसवली. हवी तिथे ढकलता येतात. दालनं पाडायला भिंतींऐवजी छपरापासून सोडलेले प्रचंड पडदे आहेत. आणि पंधरा मीटर उंचीची सगळी हवा तापवत बसण्यापेक्षा माणसं बसतात तेवढीच जागा ऊबदार ठेवायची, असं त्यांनी ठरवलं. आपल्याला उलट करायचं आहे, पण हिशेब तोच. 44-45 अंशांच्या मे महिन्यात पत्र्याची अख्खी शेड गार करायला निघालात तर विजेच्या बिलाखालीच ग्रंथालय दबून जाईल. पत्र्याखाली उष्णतारोधक दुसरं छप्पर हवं (पावसात पत्रा वाजतो, त्यालाही तोच उपाय), माथ्यावरून गरम हवा बाहेर पडायला वाट हवी आणि शेडच्या पोटात छोटी, बंद, गार दालनं हवीत.

आपल्याकडे काय झालं? नागपूरची एम्प्रेस मिल 1 जानेवारी 1877 ला सुरू झाली. आज तिच्या जागेवर मॉल आहे. मुंबईच्या गिरण्यांचं काय झालं ते सांगायलाच नको. गंमत अशी की मुंबईतल्या डेव्हिड ससून ग्रंथालयाचं मूळ कारागिरांतच आहे. 1847 मध्ये टांकसाळीतल्या आणि सरकारी गोदीतल्या तरुण यंत्र-कारागिरांनी एकत्र येऊन ती संस्था काढली; काळाघोड्याची देखणी इमारत 1870 ची. यंत्रावर काम करणाऱ्याला पुस्तक हवं असतं, ही कल्पना काही परदेशातून शिकून यायला नको.

यवतमाळात खरी अडचण जमिनीखाली आहे. कापूस देणारी काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि वरच्या भिंतींनाही तडे देते. पुस्तकांच्या कपाटांचा भार चौरस मीटरला सहाशे किलो धरतात, राहत्या घरापेक्षा तिपटीने. म्हणून कपाटं जुन्या भिंतींना टेकवायची नाहीत. त्यांना खोल पायाचा स्वतंत्र चौथरा द्यायचा. वाळवीचा बंदोबस्त फरशी घालण्याआधी, आणि कैच्यांवरचा भुगा रंगकामाच्या आधी काढायचा. रंगाखाली दडलेला भुगा पुढे वायरिंगशी गाठ पडल्यावर काय करेल, हे कुठलाही जिनिंगवाला सांगेल.

एवढं झालं की उद्घाटन होईल. उद्घाटनं आपल्याला जमतात. यवतमाळने 1973 साली ग. दि. माडगूळकर आणि 2019 साली अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय साहित्य संमेलनं भरवली. मांडव तीन दिवसांचा असतो. ग्रंथालयाला रोज संध्याकाळी दिवा लावणारा माणूस लागतो.

राज्याचा ग्रंथालय कायदा 1967 चा. तेव्हा मुख्यमंत्री होते याच जिल्ह्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक. त्यांच्याच कारकिर्दीत 1971 चा कच्च्या कापसाचा कायदा झाला आणि 1972 पासून एकाधिकार खरेदी आली. कापूस आणि पुस्तक, दोन्हींची जबाबदारी सरकारने थोड्याच वर्षांच्या अंतराने अंगावर घेतली. खरेदी योजना इतिहासजमा झाली, ग्रंथालयांचा कायदा टिकला. पण मद्रासच्या 1948 च्या कायद्यासारखी ग्रंथालय कराची तरतूद त्यात नाही. त्यामुळे अ, ब, क, ड अशा वर्गांप्रमाणे मिळणाऱ्या अनुदानाकडे डोळे लावून बसायचं आणि ग्रंथपालाला जमेल तेवढं द्यायचं, असा कारभार चालतो.

वाचक नाहीत, ही तक्रार मला पटत नाही. तालुक्याच्या गावी अभ्यासिकेत जागा मिळणं कठीण. एमपीएससीची, पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींना पुस्तक नको असतं, ते त्यांनी स्वतः आणलेलं असतं. त्यांना खुर्ची, पंखा, स्वच्छ संडास आणि रात्री दहापर्यंत उघडं दार हवं असतं. जिनघराची मोठी शेड त्यांना द्यावी. पण सगळी देऊ नये. एकदा पूर्ण शांततेचा नियम लागला की लहान मुलं आणि गप्पा मारत मासिक चाळणाऱ्या बाया आपोआप बाहेर पडतात. त्यांच्यासाठी प्रेसघर आहे: वेगळी इमारत, जाड भिंती, आवाजाला मोकळीक.

एखाद्या नगरपरिषदेने अशी शेड घेतलीच, तर दुरुस्तीच्या निविदेआधी दहा वर्षांचा पगार, वीज आणि पुस्तकखरेदी यांचा ठराव सभागृहात मंजूर करून घ्यावा. रस्त्याकडेच्या बाजूला थोडे गाळे काढून त्यांचं भाडं याच खात्यात बांधून टाकावं आणि ते दुसरीकडे वळवता येणार नाही, असं ठरावातच लिहावं. जिनिंग हंगामात चाले आणि एरवी बंद राही. ग्रंथालयाला ती मुभा नाही.